उसळते झरे आणि दगडातली अंडी

न्हाणीघरात पाणी तापविण्यासाठी जे विजेचे यंत्र बसवितात, त्याला आपल्याकडे सर्रास ‘गीझर’ म्हणतात. हा शब्द मूळचा आइसलंड या उत्तरेकडील बेटाचा. तेथे हौकादालुर नावाच्या खोऱ्यात जमिनीतून उकळत्या पाण्याचा स्तंभ उसळत असे. त्या झऱ्याचे नाव गेसिर. ‘उसळणे’ या अर्थाच्या तेथील क्रियापदावरून ते पडले. पुढे जगात जेथे जेथे असे झरे आढळले, तेथे तेथे हेच नाव लागू झाले. मूळचा गेसिर आता क्वचितच उसळतो, पण त्याचे नाव मात्र घरोघरच्या न्हाणीघरांत जाऊन बसले आहे.

अशा उसळत्या झऱ्यांचे सर्वांत मोठे माहेरघर म्हणजे अमेरिकेतील यलोस्टोन. १ मार्च १८७२ रोजी कायद्याने राखून ठेवलेले हे उद्यान जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान मानले जाते. त्याचे क्षेत्र सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटर असून उष्ण झरे, चिखलाची उकळती कुंडे, वाफेची छिद्रे व कारंजी अशी दहा हजारांहून अधिक स्थाने त्यात आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे उन्हाळ्याच्या सुटीत मुलाबाळांना घेऊन तेथे जातात आणि धार-देवासकडून पाहुणे गेलेल्या आजी-आजोबांनाही नेतात. ‘ओल्ड फेथफुल’ या नावाच्या कारंजाभोवती बाके मांडलेली असतात. त्यांवर बसून लोक वाट पाहतात, आणि दीड तासाच्या आसपास केव्हातरी पाणी तीसपासून पन्नासांहून अधिक मीटरपर्यंत उसळते. दोन-चार मिनिटांत सारा खेळ आटोपतो. पूर्वी हे अंतर तासाभराच्या आसपास होते. १९५९ साली तेथे झालेल्या मोठ्या भूकंपानंतर व इतर कारणांनी ते वाढत गेले. ‘फेथफुल’ म्हणजे इमानी. परंतु भूगर्भाचे इमान घड्याळाशी नसते, हेच यावरून दिसते.

पाणी उसळते कसे, हे समजण्यास स्वयंपाकघरातील प्रेशर कुकर पुरेसा आहे. उघड्या पातेल्यातील पाणी शंभर अंशांवर उकळते. कुकरचे झाकण घट्ट असल्यामुळे आतील दाब हवेच्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापूनही उकळत नाही. जमिनीखाली झाकणाचे हे काम पाण्याचे वजनच करते. दहा मीटर खोल नळीच्या तळाशी असलेल्या पाण्यावर वरच्या पाण्याचा भार असतो. तेवढ्याने तेथील दाब दुप्पट होतो. म्हणून तळचे पाणी १२० अंशांचे झाले तरी द्रवच राहते. आणखी खाली ते याहूनही तप्त असूनही स्तब्ध असते. आता या नळीला मध्येच एखादी अरुंद मान आहे, अशी कल्पना करावी. वाफेचे बुडबुडे त्या मानेत अडकतात आणि वरचे थोडेसे पाणी तोंडातून बाहेर सांडते. तेवढे पाणी कमी होताच खालचा भार हलका होतो. भार हलका होताच, ज्या पाण्याला उकळण्याची केवळ परवानगी नव्हती, ते सारेच्या सारे एकदम वाफ होऊ लागते. वाफेला पाण्याहून कितीतरी अधिक जागा लागते. ती जागा वरच मिळण्यासारखी असते. कारंजे उडते, नळी रिकामी होते, आजूबाजूच्या भेगांतून पुन्हा पाणी झिरपते, आणि पुन्हा तोच क्रम सुरू होतो.

म्हणजे तीन गोष्टी लागतात: उष्णता, पाणी आणि मजबूत नळी. तिसरी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दाबाने फुटेल अशी नळी असेल, तर पाणी बाजूंनी निसटून जाईल व कारंजे कधी उडणारच नाही. यलोस्टोनचा बराचसा खडक रायोलाइट जातीचा आहे. त्यात सिलिका, म्हणजे गारगोटीचे द्रव्य, विपुल असते. तप्त पाणी ते विरघळवून वर आणते आणि थंड होताना नळीच्या आतून त्याचे अस्तर देते. हजारो वर्षे हे गिलाव्याचे काम चालू आहे.

एवढे कळल्यावर, आपल्याकडे उन्हाळी पुष्कळ असून कारंजी का नाहीत, याचा उलगडा आपोआप होतो. भारतात सुमारे ३४० उष्ण झऱ्यांची नोंद आहे. पालघर जिल्ह्यापासून राजापूरपर्यंत सह्याद्रीला समांतर अशी त्यांची एक रांगच आहे. त्यात वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजवाडी अशी स्थाने येतात. पैकी उन्हवऱ्याचे पाणी सत्तर अंशांच्या आसपास असते. त्यांच्याखाली ज्वालामुखी धगधगत आहे अशी समजूत अनेकांची असते, ती खरी नव्हे. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते. जमिनीत दर किलोमीटरमागे पंचवीस-तीस अंशांनी उष्णता वाढते. ती घेऊन पाणी दुसऱ्या भेगेने वर येते. उकळण्याइतके ते तापत नाही. शिवाय दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सिलिकेच्या बाबतीत रायोलाइटच्या मानाने गरीब. तेव्हा उष्णताही बेताची आणि गवंडीही दुबळा! लडाखमधील पुगा खोऱ्यात मात्र पाणी उकळते. तेथे उंचीमुळे उत्कलनबिंदूही खाली येतो. मध्य प्रदेशात उष्ण पाणी आणि वन्य पशू एकाच सहलीत पाहावयाचे असतील, तर सातपुड्यातील अनहोनीचे झरे व पचमढीजवळचे सातपुडा राष्ट्रीय उद्यान एवढी सोय आहे.

मग अमझेऱ्यासारख्या गावी राहणाऱ्या कुटुंबाने काय करावे? धारच्या पश्चिमेस, सरदारपूर तहसिलीतील हे गाव. येथील राठोड राव बख्तावरसिंह यांना १८५७ च्या उठावात भाग घेतल्याबद्दल १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदूरला फाशी देण्यात आले. नंतर हा मुलूख ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेला. शेजारी धारला पवार, पलीकडे देवासला पवारांच्याच दोन गाद्या. त्यामुळे या भागात मराठी बोलणारी घरे जुनी आहेत. अमका-झमका देवीच्या देवळातून श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले, असे येथील लोक सांगतात. विदर्भातील कौंडिण्यपूरचे लोक हे मान्य करणार नाहीत. पण तो वाद पुराणाचा आहे, येथे नको. या गावात उष्ण झरा नाही, सिंह नाही, हत्ती नाही. तथापि येथून नैर्ऋत्येस विंध्याचा उतार उतरून बाघ-कुक्षीकडे गेले की एक राष्ट्रीय उद्यान आहे. त्यात पृथ्वीच्या उष्णतेची कथाही आहे आणि वन्य प्राणीही आहेत. फक्त ते प्राणी दगडाचे झाले आहेत.

हे ‘डायनोसॉर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान’ २०११ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ९० हेक्टर, म्हणजे यलोस्टोनचा जवळजवळ दहा हजारावा हिस्सा. पण येथील भूमीचे वय पाहू लागले, तर यलोस्टोन कालचे पोर ठरते. तेथील शेवटचा महास्फोट सहा लक्ष चाळीस हजार वर्षांपूर्वीचा. बाघच्या चुनखडकात ज्या समुद्राच्या खुणा आहेत, तो सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यातून आत शिरला होता. आज जेथे मका व कापूस पिकतो, तेथील खडकांत शिंपले, समुद्री किड्यांची घरटी आणि शार्क माशांचे दात सापडतात. समुद्राच्या गाळापासून बनलेल्या या थरांचे वर्णन ब्लॅनफर्ड या भूशास्त्रज्ञाने १८६९ मध्येच केले होते. त्यांच्याही खालचा वालुकाश्म कोरून बौद्ध भिक्षूंनी बाघची लेणी केली. ती पाहण्यास लोक पूर्वीपासून जातात, म्हणून त्यांविषयी येथे अधिक सांगत नाही.

समुद्र मागे हटला. त्याच्या गाळावर नद्या-तळ्यांचा गाळ बसला. जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून अशा थरांना ‘लमेटा’ म्हणतात. जबलपूरलाच १८२८ साली स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला भारतातील डायनोसॉरची पहिली हाडे मिळाली होती. (ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून इतिहासात प्रसिद्ध असलेला स्लीमन तो हाच.) धार जिल्ह्यातील लमेटा थरांत जे मिळाले, ते मात्र हाडांहून अपूर्व होते. ती होती अंडी. एखाद-दुसरे नव्हे, घरट्यांच्या घरट्यांत. लांब मानेचे, चार पायांवर चालणारे, झाडपाला खाणारे ‘टायटनोसॉर’ जातीचे प्रचंड प्राणी येथे तळ्याकाठच्या मऊ चिखलात उथळ खड्डे करून अंडी घालीत आणि मगरीप्रमाणे ती मातीने झाकीत. अंडे गोल, पंधरा ते सतरा सेंटीमीटर व्यासाचे. जनक एवढा अजस्र आणि अंडे लहानशा नारळाएवढे, याचे मुलांना फार नवल वाटते. ते योग्यच आहे.

या अंड्यांचा पहिला माग विद्यापीठांतील पंडितांनी नव्हे, तर या भागातील हौशी शोधकांनी काढला. २००७ साली त्यांची बातमी देशभर झाली. त्यांपैकी विशाल वर्मा हे धार जिल्ह्यातील एका शाळेत शिकविणारे गृहस्थ. पुढे दिल्ली विद्यापीठाच्या हर्षा धीमान, गुंटुपल्ली प्रसाद आदी संशोधकांबरोबर त्यांचेही नाव २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या निबंधावर आले. त्या निबंधात आखाडा, झाबा, पाडल्या वगैरे गावांच्या परिसरातील ९२ घरटी व २५६ अंडी यांची मोजदाद आहे. अंड्यांच्या कवचांवरून त्यांचे सहा प्रकार ओळखले गेले. घरटी इतकी दाटीने आहेत की, त्यांच्यामधून एवढे मोठे जनावर पाऊल टाकूच शकले नसते. यावरून संशोधकांनी असे अनुमान केले की, अंडी घातल्यावर आई निघून जात असावी. काही अंडी तळ्याचे पाणी वाढल्याने गाळात बुडाली व कधी फुटलीच नाहीत. ती बुडाली म्हणूनच आपल्याला मिळाली.

पाडल्यालाच एक अंडे असे मिळाले, की त्याच्या पोटात दुसरे अंडे होते. २०२२ साली ही गोष्ट प्रसिद्ध झाली तेव्हा शास्त्रज्ञ चकित झाले. कारण कोंबडीसारख्या पक्ष्यांत असा चमत्कार कधीकधी घडतो. तयार झालेले अंडे परत मागे ढकलले जाते व त्याच्याभोवती दुसरे कवच चढते. सरपटणाऱ्या प्राण्यांत तो आढळलेला नव्हता. तेव्हा या जनावरांच्या पोटातील अंडे बनविण्याची रीत कासवापेक्षा पक्ष्याशी जुळती असली पाहिजे. पक्षी हे डायनोसॉरांच्याच एका शाखेचे वंशज, हे तर आता शास्त्रात सर्वमान्य आहे.

उसळत्या झऱ्यांचा या अंड्यांशी काय संबंध, असे कोणी विचारील. धारमध्ये तसा प्रत्यक्ष पुरावा नाही. पण अर्जेंटिनातील सानागास्ता या ठिकाणी याच वर्गातील प्राण्यांची घरटी सापडली आहेत, ती बरोबर प्राचीन उष्ण झऱ्यांच्या व कारंजांच्या आवारात! २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, तेथील मादी जमिनीची ऊब पाहून जागा निवडीत असावी. आजही इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर मालेओ नावाचा पक्षी भूगर्भाच्या उष्णतेने तापलेल्या मातीत अंडी पुरून निघून जातो. उबविण्याचे काम जमीन करते.

धारच्या अंड्यांवर मात्र उष्णता आली ती वेगळ्या रूपाने. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहू लागला. एक थर निवावा, त्यावर दुसरा यावा, असे वारंवार झाले. आजही सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश त्या थरांनी व्यापलेला आहे. माळव्याचे पठार त्याचेच, सह्याद्रीचे कडे त्याचेच, आणि अमझेऱ्याच्या शेतातील काळी मातीही त्याच पाषाणाची झीज होऊन झालेली. त्याच सुमारास आकाशातून एक प्रचंड अशनी मेक्सिकोपाशी येऊन आदळला. डायनोसॉरांच्या नाशात अशनीचा वाटा किती आणि दख्खनच्या लाव्हाचा किती, यावर शास्त्रज्ञांत अद्याप वाद चालतो. ती सारी आग आता पूर्णपणे निवाली आहे. यलोस्टोनखाली काही किलोमीटरवर अजून शिजत असलेला रस या उद्यानाखाली नाही.

पण हा ठेवा टिकविणे कारंजापेक्षाही कठीण आहे. कारंजे निदान स्वतःचे रक्षण करते. यलोस्टोनमध्ये फळ्यांची वाट सोडून पातळ कवचावर पाय टाकणारे वीसांहून अधिक लोक उकळत्या पाण्याने प्राणास मुकले आहेत. अंडे कोणाला भाजत नाही. ते खिशात घालता येते, गाडीत टाकता येते, फोडून आत काय आहे ते पाहता येते. अंडी चोरीस गेल्याच्या बातम्या धारकडून आल्या आहेत. यलोस्टोनमध्येही ‘मॉर्निंग ग्लोरी’ नावाच्या निळ्या कुंडात प्रवाशांनी इतकी नाणी व कचरा टाकला की, त्याचा झरा अंशतः तुंबला, पाणी निवले आणि रंग पालटला. असली नासाडी करणारे सारेच दुष्ट होते, असे नाही. बहुतेक सहलीला आलेली साधी कुटुंबेच होती.

उलट उदाहरण पाडल्याचेच आहे. तेथील काही कुटुंबे गोल दगडांना काकड भैरव म्हणून पुजीत आली. काकड म्हणजे शेत; शेताची व गुरांची राखण करणारा हा देव. यांपैकी काही दगड डायनोसॉरची अंडी असल्याचे तज्ज्ञांनी ओळखल्याची वार्ता २०२३ च्या डिसेंबरात सर्वत्र झळकली आणि शहरी लोकांची पुष्कळ करमणूक झाली. हसण्याजोगे त्यात काही नाही. ज्या घराने तो दगड देव्हाऱ्यात ठेवला, त्याने तो पिढ्यान्‌पिढ्या फुटू दिला नाही.

दगडाचे प्राणी पाहून मुलांचे समाधान होणार नसेल, तर पावसाळ्यात अमझेऱ्याच्या अगदी शेजारी एक जिवंत कारंजे उडते. सरदारपूर तहसिलीत १९८३ साली सुमारे ३४८ चौरस किलोमीटरचे खरमोर अभयारण्य झाले. माळव्यात ज्याला खरमोर म्हणतात, तोच मराठीतील तणमोर. आकाराने कोंबडीएवढा. विणीच्या दिवसांत नराचा रंग काळा-पांढरा होतो आणि डोक्यामागे फितीसारखी वळलेली पिसे येतात. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत तो पानपुऱ्यासारख्या कुरणांत, गवत गुडघाभर वाढले की मादीला दिसावे म्हणून, जागच्या जागी सरळ वर उडी घेतो. पंखांची फडफड ऐकू येते, दीड-दोन मीटर उंचीवर क्षणभर तो दिसतो आणि पुन्हा गवतात नाहीसा होतो. दिवसाकाठी अशा शेकडो उड्या. मादी तेथेच जमिनीवर, गवताच्या बुडाशी, तीन-चार अंडी घालते.

या पक्ष्यांची देशातील संख्या आता काही शेकड्यांवर आली असून तो अतिसंकटग्रस्त जातींत गणला जातो. कुरणे नांगराखाली गेली, माळव्यात सोयाबीन आले, मोकाट कुत्री वाढली. परंतु या बाबतीत शेतकऱ्याला दोष देऊन मोकळे होणे हा अन्याय ठरेल. अभयारण्याच्या हद्दीत अनेक गावांच्या खासगी जमिनी आल्या आणि त्यांच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध पडले. मुलीच्या लग्नासाठी वा आजारपणासाठी स्वतःचे शेत विकता येऊ नये, ही लहान गोष्ट नव्हे. यलोस्टोन राखताना तर तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींना बाहेर घालविण्यात आले. १९२६ पर्यंत तेथील लांडगेही मारून संपविले होते; ते १९९५-९६ मध्ये कॅनडातून पुन्हा आणून सोडावे लागले. लांडगा परत आणता येतो. तणमोर पिंजऱ्यात वाढवून माळावर सोडणे त्याहून फार अवघड आहे. वनविभागाने शेतात खरमोर दिसल्याची खबर देणाऱ्या व त्याचे रक्षण करणाऱ्या शेतकऱ्यांना बक्षीस देण्याची योजना काढली, ती यासाठीच. सक्तीपेक्षा तिचा उपयोग अधिक आहे.

पाहावयास जाणाऱ्यांनी वनरक्षकाला बरोबर घ्यावे, पहाटे जावे, कुरणात शिरू नये आणि रस्त्यावरूनच दुर्बिणीने पाहावे. पावसाच्या अखेरीपर्यंत पिल्ले उडती होतात, मग गवताची कापणी सुरू होते. तोपर्यंत पक्षी कुरण सोडून दख्खनच्या पठाराकडे व आणखी दक्षिणेकडे निघालेले असतात.